अमेरिकन गाडीचा दसरा

दसऱ्याला इथे परदेशात, यिशुनमधल्या आमच्या इमारतीच्या कारपार्कमध्ये विजेवरच्या नव्या अमेरिकन गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. झेंडूच्या वासासरशी मी थेट साताऱ्यात पोहोचले.

तिथेही अशीच नटलेली अमेरिकन गाडी होती, पण अण्णांची, जुनी. अण्णा आत ऐटीत, आणि मागून ढकलायला आम्ही भावंडं, शेजारचे काका आणि नव्या साडीतली आई.

"अहो, विका आता हिला!" आई धापा टाकत ओरडली.

"अगं, अमेरिकेचं इंजिन आहे. जरा मान मागतं!"

तेव्हा मला सगळ्या गल्लीसमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आता आठवून हसूच फुटलं.

"मम्मी, कम लाह!" लेकीने आतून इथल्या बोलीत हाक मारली. गाडी कधीच सुरू झाली होती, बिनआवाजाची.

मी मात्र पदर खोचून, डिकीला दोन्ही हात लावून मागे उभी होते.