सुईण आजीची हकिकत

"खोटं सांगायलीय ही," असा दारातून आवाज यायचा आणि माझी लेखणी थांबायची. गावची सुईण न बोलावता येऊन बसलेली असायची.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती आली की घरातल्यांचे चेहरे आंबट होतात. निजामी राजवट जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. मी सेलूला मुलींच्या शाळेत शिकवत होते. जुन्या राज्यात बायकांनी काय सोसलं, ते त्यांच्याच तोंडून लिहून आणायचं काम ओळखीच्या एका मंडळाने मला दिलं होतं. सुट्टीत मी या सुईणीच्या गावी पाटलांकडे उतरायचे. गावातल्या एकेका म्हातारीने सांगायचं, मी कच्च्या वहीत टिपायचं, मग पक्क्या वहीत उतरवून तिला वाचून दाखवायचं आणि खाली तिचा अंगठा घ्यायचा.

या सुईणीने माझ्या कामाचा पार विचका केला. एक म्हातारी सांगत होती, तिच्या नवऱ्याने कुऱ्हाड घेऊन एकट्याने गावाला पहारा दिला. सुईण म्हणाली, "कणगीत बसला व्हता चार दिस. भाकर मीच टाकली वरून." म्हातारीने तोंडाला पदर लावला तो काढलाच नाही.

मी चिडून म्हणाले, "आजी, तुम्हाला कोणी विचारलंय का?"

"न्हाई. मनून तर आले."

गावात कोणाचंच तिच्याशी पटत नव्हतं. पण घरोघरची पोरं तिच्याच हातावर आलेली, त्यामुळे तिला हाकलताही येत नसे. मला तर ती डोळ्यांसमोर नको व्हायची.

शेवटी एकदाचा पिच्छा सुटावा म्हणून मी तिचीच हकिकत लिहायला बसले. माहेर, लग्न, रांडवपण हे तिने भराभरा उरकलं. मग म्हणाली, "आता पिंजाऱ्याचं लिही."

राज्य बदललं त्या आठवड्यात गावातल्याच माणसांनी कापूस पिंजणाऱ्या मुसलमानाचं घर पेटवलं होतं. त्याची बायको दिवस भरलेली. ती ज्वारीच्या रानात पळाली. सुईणीने तिथेच तिचं बाळंतपण केलं.

"पानी मागाया सा घरं हिंडले. कुनी कवाड उघडलं न्हाई. तू ज्यांच्या हकिकती लिवल्यास ना, त्याच बाया. लेकरू गेलं. दिस मावळायच्या आत तीबी गेली."

"आग कोणी लावली?"

"तू जेवायलीस त्या घरानं."

तिने एकेक नाव घेतलं आणि मी लिहीत गेले. दारात पाच-सहा बाया उभ्या राहून ऐकत होत्या.

जेवताना पाटील म्हणाले, "बाई, म्हातारीचं डोकं फिरलंय. तुमाला ह्या गावात परत यायचं हाय का न्हाई?" आवाज अगदी गोड होता. जेवण झाल्यावर पाटलीणबाईंनी कच्च्या वहीतली ती पानं मागितली आणि मी ती फाडून दिली. पक्क्या वहीत मी तिचं माहेर आणि लग्नच तेवढं पाल्हाळ लावून पानभर लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ती आली आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली. "बोट ठिवून वाच. समदं वाच."

मी बोट ठेवलं. बोट तिच्या माहेराच्या ओळींवरून सरकत होतं आणि तोंडाने मी पिंजाऱ्याचं घर, ज्वारीचं रान, ती सहा घरं, सगळी नावं म्हणत होते. एकही नाव चुकलं नाही. वर्गात पोरींकडून कविता म्हणवून घेणारी मी, पाठांतर चांगलं होतं माझं. तिने मध्ये एकदाही टोकलं नाही. वाचून झालं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मला वाटलं, तूबी त्यांचीच," ती म्हणाली. माझ्या तोंडावरून हात फिरवून तिने कानशिलावर बोटं मोडली आणि शाईचा अंगठा पानावर दाबला. इतकी शरम मला पुढे आयुष्यात कधी वाटली नाही. तरीही मी वही मिटली आणि सेलूची गाडी धरली.

पुढच्या सुट्टीत गेले तेव्हा ती वारली होती. बाया सांगत होत्या, शेवटी शेवटी ती अगदी गरीब झाली होती, कोणाला वाकडा शब्द बोलायची नाही. मुद्दाम खोडी काढली तरी म्हणायची, "आता मला बोलायचं काम न्हाई. बाईनं लिवून ठिवलंय."