शाल नको, खुर्च्या मांडा

आप्पा, मी कोल्हापूर सोडलं त्या सकाळी तू स्टेशनवर आला नव्हतास. बरं केलंस. ज्या फलाटावर आपण जरीच्या टोप्या घालून बड्या पाहुण्यांच्या स्वागताला वाजवायचो, तिथंच मी एक वळकटी आणि क्लॅरिओनेटची पेटी घेऊन उभा होतो. आबा आले होते, पण गाडीकडं पाठ करून. इंजिनानं शिट्टी दिली तेव्हा एवढंच म्हणाले, "जा की. पर तुजा पार्ट कोण वाजवणार?"

वडलांचा तो प्रश्न कानात घेऊनच मी डब्यात चढलो.

आणि काल तुझं पत्र आलं. जुन्या संस्थानी बँडच्या वादकांचा गावातली थोर मंडळी सत्कार करणार म्हणे. शाल, श्रीफळ, भाषणं. शिरोळच्या उसातनं वेळ काढून तू त्या समितीत शिरलास, आणि वर मला लिहितोस, "पावणं, नक्की यायचं." पावणा? मंगळवार पेठेत जन्मलेला मी तुला पावणा झालो होय रे? डोकं भडकलं माझं. बायको म्हणाली, उद्या लिहा. मी म्हटलं, उद्यापर्यंत राग निवला तर?

आठव जरा. दर शनिवारी संध्याकाळी बागेत तीस जण अर्धगोल करून बसायचो. तुझा ट्रॉम्बोन माझ्या मागं, आबांचा तो पोटाएवढा बाजा डाव्या टोकाला. आखाड्यातनं अंग पुसत आलेले पैलवान, फायली ठेवून आलेले कारकून, माहेरवाशिणी, सगळं गाव हिरवळीवर. शेवटी बँडमास्तरांची ती निरोपाची चाल लागली की बायका चपला शोधायच्या आणि शेंगा विकणारी गंगाक्का टोपली आवरायची. सांगायला शिपाई लागत नव्हता, गाव आपोआप उठायचं.

मास्तर गोव्याचे, चाल त्यांनी स्वतः बांधलेली. कागद त्यांच्या ट्रंकेत. आपल्यातल्या कुणाला नोटेशन वाचता येत होतं? प्रत्येकाला वेगळं बसवून, सरगम म्हणून, त्याचा त्याचा पार्ट ते घोटून घ्यायचे. माझा दुसऱ्या क्लॅरिओनेटचा. तीन सूर, मग चार मात्रा गप्प, परत तेच तीन सूर. आपण बोटं आणि मात्रा सांभाळत बसलो, आप्पा. चाल ऐकत होते ते समोरचे.

मग संस्थान विलीन झालं आणि कोण कुठला साहेब येऊन म्हणाला, "बँड ही राजवाड्याची चैन. आता लोकांचं राज्य आहे." अरे, मग हिरवळीवर बसायचे ते कोण होते, राजे? बाजे जमा करून घेतले, बँडच्या खोलीत कोंडून कुलूप ठोकलं. आणि गाव? ज्या गावानं इतकी वर्षं टाळ्या वाजवल्या त्यातलं एक माणूस तोंड उघडायला आलं नाही. मास्तर ट्रंक घेऊन गोव्याला गेले ते गेलेच, वर्षाच्या आत वारल्याचंच कळलं. जाताना स्वतःची क्लॅरिओनेट मला दिली, म्हणाले, "बंद पाडू नको."

पाडलं की. लग्नातल्या बँडवाल्यांकडून उसने बाजे आणून आपण अकरा जण तालमीच्या कट्ट्यावर दर रविवारी वाजवत होतो. अकरांवर कसंबसं उभं होतं ते. मुंबईच्या रेकॉर्डिंगचं काम मिळालं आणि पहिला मी निघालो. माझ्यामागं तू शिरोळला, मग बाकीचे. गावाला शिव्या घालताना हे मी विसरत नाही. गावानं गप्प बसून बँड मारला, मी निघून जाऊन मारला.

इथं नोटेशन शिकलो. समोर कागद, डोक्यावर माईक, टेक, रीटेक, चला घरी. शेजारचा व्हायोलिनवाला तीन वर्षं शेजारी बसतो, त्याचं गाव मला माहीत नाही. वाजवलेलं कोण ऐकतं तेही दिसत नाही. परळच्या खोलीत मी ते तीन सूर काढत बसतो तेव्हा बायको वैतागते, "अहो, पुढं काहीतरी वाजवा की!" पुढं? पुढचं माझ्याकडं कधी नव्हतंच. चालीचं तोंड आठवतं, मधलं वळण कितीही डोकं खाजवलं तरी आठवत नाही. पहिली क्लॅरिओनेट वाजवणारेही गेले.

परवा दिवाळीला घरी गेलो होतो. आबा आता काठी घेऊन चालतात. ओट्यावर बसून स्वतःशीच "पं, पं" करत होते. त्यांचा पार्ट! मी पेटी उघडली आणि माझे तीन सूर धरले. तोंडाशी बरं जमलं, मध्यावर आलो आणि दोघंही अडकलो. तेवढ्यात समोरच्या दारातनं गंगाक्का गुणगुणायला लागली. शेंगा निवडता निवडता, पार शेवटापर्यंत. सबंध चाल!

"अक्का, तुला कसं येतं?"

"न्हाई यायला काय झालं? घरला जायाची चाल हाय ती. हितं समद्यास्नी येती."

मी तिच्यावर ओरडलो, "मग बाजे नेले तेव्हा का गप्प बसलात?" म्हातारीनं टोपली बाजूला केली. "तुमी परत चालू करशिला वाटलं, पोरा. वाट बघितली आमी."

आबा रडत होते. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

तर समितीला माझा निरोप दे. शाल नको. त्या खोलीचं कुलूप काढा, आबांचा बाजा बाहेर आणा. त्यांच्या छातीत दम आहे तोवर एका शनिवारी बागेत खुर्च्या मांडा, मेलेल्यांच्याही मांडा. गंगाक्काला हिरवळीवर नको, मधे बसवा. तिनं चाल म्हणायची, जेवढे उरलोत तेवढ्यांनी वाजवायचं. भाषण करायला कुणी उठला तर त्याला खाली बसवायचं काम तुझं.

कुठले तुम्ही, असं इथं कुणी विचारलं की मी आता परळ सांगतो, सवयच झाली. पण माझ्या तीन सुरांच्या पुढचं ज्या गल्लीत सगळ्यांना येतं, तेच माझं घर, आणि तिथं मी पावणा म्हणून यायचा नाही. आबांना सांग, माजा पार्ट मीच वाजवणार हाय.