मर्यादेची सून

अयोध्या काही मुखदुर्बळ बाई नव्हती. मुदखेडजवळच्या तिच्या गावात बचत गटाची बैठक भरली की बँकेचा साहेबसुद्धा तिचं ऐकून घ्यायचा. आळीतल्या सगळ्या बायकांची फोनची कामंही तिच्याचकडं. गॅसचा नंबर लावायचा असो की विम्याचा मेसेज वाचायचा, आधी अयोध्याला हाक. पण थोरले दीर रामकिशन दारात खाकरले, की हीच बाई कपाळापर्यंत पदर ओढून भिंतीला लागायची. ती या घरात आली तेव्हा दिरांची सृष्टी पाळण्यात होती. आता सृष्टी नांदेडला कॉलेजात होती, तरी दिराभावजयीचं एक वाक्य समोरासमोर झालेलं नव्हतं. "दादाला सांगा, ताट वाढलंय," असं ती मांजराकडं बघून म्हणायची आणि रामकिशनही मांजरालाच "आलो" म्हणायचे. हसू येण्यासारखंच होतं ते. पण त्यात माया होती. अयोध्याला चांगला फोन घेऊन दे म्हणून धाकट्या भावाशी, म्हणजे तिच्या नवऱ्याशी, अंगदशी भांडले ते हेच दीर.

सोयाबीनची रास चालू होती. सगळे शेतात, जाऊबाई बाजाराला. रामकिशन तेवढे घरी आले होते. ओसरीवर पाणी पिता पिता त्यांच्या हातातून तांब्या सुटला आणि ते तिथंच कोसळले. घरात फक्त अयोध्या आणि दिसायचं बंद झालेली सासू, नागाबाई.

अयोध्यानं लगेच ॲम्ब्युलन्सला फोन लावला, पत्ता नीट सांगितला, तिकडून सांगितलं तसा फोन स्पीकरवर टाकून जमिनीवर ठेवला.

"गाडी निघालीय, ताई. त्यांचा श्वास चालू आहे का?" फोनवरच्या पोरीनं विचारलं.

"न्हाई वो मॅडम, छाती हालंना."

"मग त्यांना उताणं झोपवा. छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवा आणि जोरात, भरभर दाबा. मी मोजते, तुम्ही माझ्याबरोबर दाबा."

अयोध्यानं हात पुढं केले. सदऱ्याची बटणं तुटून छाती उघडी पडली होती. तिचे हात तसेच मागं आले.

"मॅडम, माझे थोरले दीर हायत हे."

"हो ताई, दाबा लवकर!"

त्या पोरीला कळलंच नाही, आणि कळावं तरी कसं? "थांबा, गडीमाणूस बोलवून आणते," म्हणून अयोध्या उठली. "जाऊ नका ताई, तुम्हीच दाबा," असं ती पोरगी ओरडत होती. ते अयोध्याला दारापर्यंत स्वच्छ ऐकू आलं. तरी ती गेली.

शेजारचा मलप्पा घरी नव्हता, गोठ्यात सापडला. त्याला घेऊन ती पळत परत आली तेव्हा फोन बोलतच होता. ओसरीवर दाबणारं कुणी नव्हतं आणि ती पोरगी एकटीच आकडे मोजत होती. मग मलप्पानं गाडी येईपर्यंत दाबलं. त्याचा उपयोग झाला नाही.

"आधीच दाबलं असतं तर?" तिनं गाडीतल्या डॉक्टरला हळूच विचारलं.

"सांगता येत नाही. कदाचित," तो म्हणाला.

त्या कदाचितनं तिला पोखरलं. भाकरीचं पीठ मळताना तळहात परातीवर दाबले जात, आणि तिला स्वतःच्या हातांची शिसारी येई. वाईट याचं, की तिला कुणी एका शब्दानं बोललं नाही.

दिवसकार्याला बायका जमल्या. नागाबाई सगळ्यांना सांगत होती, "दादा पडला, पर माझ्या सुनंनं मर्यादा सोडली न्हाई. गडीमाणूस बोलवून आणला. अशी सून मिळाया नशीब लागतं." बायका माना हलवत होत्या. अयोध्याला वाटलं, धरणीनं पोटात घेतलं तर बरं होईल. एवढ्यात म्हातारीनं चाचपत नातीचा हात धरला आणि अयोध्याच्या हातात दिला. "सृष्टे, शीक काकूकडून. उद्या तुला सासरी जायचं हाय."

"शिकू नको गं, पोरी!" अयोध्या एकदम बोलली. आवाज इतका चढला की अंगणातली माणसंही वळली. "फोनवरची बाई दाब दाब म्हणून वरडत व्हती. मला ऐकू येत व्हतं. दिराच्या अंगाला हात कसा लावू म्हणून मी सोडून गेले. तुझ्या बापाला मी तसंच पडू दिलं."

सृष्टी तिच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं काकूच्या हातातून आपला हात सोडवून घेतला.