दोन मनगटं, दोन मशीन

पौडच्या स्टँडसमोर चहाला भेटणाऱ्या या गृहस्थांच्या दोन्ही मनगटांवर पाणबुडे वापरतात तसली घड्याळं असतात, दोन्ही नकली.

"डाव्यात जपानी मशीन हाय, उजव्यात चायना. कुटलं टिकतंय ते बघतुया," असं ते शास्त्रज्ञाच्या गांभीर्याने सांगतात. पाऊस भुरभुरला, की खोल समुद्रात चालणारी ही रत्नं लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत जातात.

परवा भाचीच्या लग्नात भटजींनी वेळ विचारली, तेव्हा नवरीमागे उभ्या या मामांनी ऐटीत दोन्ही हात पुढे केले. डाव्यावर मुहूर्त टळला होता, उजव्यावर अजून यायचा होता. भटजींनी आचाऱ्याकडे पाहिलं. त्याने भात झाल्याची खूण केली आणि लग्न लागलं.

आता ते स्टँडवर सांगतात, "भाचीचं लगीन माझ्याच घड्याळावर लागलं."

कुठल्या घड्याळावर, हे मी विचारत नाही.