सोडण्याआधीची शाल

माझ्या बायकोच्या मामांना अख्ख्या सेलूत एकही वाईट माणूस सापडलेला नाही. लग्नात नव्या जावयाचा एखादा गुण सांगायचा म्हणून ते माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले आणि शेवटी मंडपाला म्हणाले, "जेवताना बोलत नाईत." त्यांचं बाजारात कापडाचं दुकान. गादीवर मामा आणि त्यांचे थोरले भाऊ बसत. थोरल्यांनीच मामांना लहानाचं मोठं केलेलं, म्हणून पन्नाशी उलटली तरी मामा त्यांच्यापुढे मान वर करून बोलत नसत. थोरले दिवसभर बिडी ओढत आणि रात्रभर खोकत. मामा ते मुकाट्याने ऐकत.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मामा सावंगीच्या दवाखान्यात कोणा पाहुण्याच्या ऑपरेशनला म्हणून गेले आणि मानसशास्त्राच्या एका डॉक्टरीणबाईंचं भाषण ऐकून आले. रागावून कोणाचं व्यसन सुटत नाही, माणसातलं चांगलं त्याला दाखवा, छोट्या यशाचंही कौतुक करा, असं बाई म्हणाल्या होत्या. आता कौतुक म्हणजे शाल-श्रीफळ, आणि शाली तर घरच्याच दुकानात. बाईंनी आधी यश आणि मग कौतुक सांगितलं होतं. मामांनी तेवढा क्रम उलटा केला. "सोडल्यावर शाल कोनीबी देते. आंधीच देली त मानूस सोडल्याबिना राहीन कसा?" असा त्यांचा सिद्धांत.

पहिला बळी समोरचा चहावाला. तो बिचारा सुटे पैसे मागायला दुकानात आला, तर भर मे महिन्यात त्याच्या खांद्यावर लोकरीची शाल पडली आणि त्याने बिडी सोडल्याबद्दल मामांचं भाषण सुरू झालं. आपण सोडली नाही, असं तो घाम पुसत सांगत होता, पण तोवर समोरच्या टपरीतून त्याची बायको टाळ्या वाजवायला लागली होती. संध्याकाळी तो पानठेल्यावर गेला, तर ठेलेवाला म्हणाला, "तुमचा सत्कार झाला न भाऊ, मले पाप काऊन लावता?" तीन ठेले फिरून तो घरी गेला आणि त्याची बिडी खरंच सुटली. एसटीच्या एका कंडक्टरचा मात्र भाषणात सांगण्याजोगा गुणच सापडेना. मामा त्याच्यासाठी त्याच्याच गाडीने विनाकारण वर्ध्याला जाऊन आले आणि खुशीत सांगू लागले, "तिकीट फाडते मोठं सुबक." कोणी पुन्हा ओढताना सापडला तर मामा कालची संध्याकाळ बिडीविना कोरडी काढल्याबद्दल त्याचं अभिनंदन करत. पुढे पुढे तर एक निर्व्यसनी गुरुजी केवळ सत्कारासाठी बिडी शिकू लागले, तेव्हा त्यांच्या घरचे मामांशी भांडून गेले.

प्रत्येक सत्काराचे अध्यक्ष थोरलेच. शाल तेच घालत आणि कार्यक्रम संपला की दुकानामागे जाऊन बिडी पेटवत. मी याला समाजसेवेचं खूळ समजत होतो. मामींनीच एकदा चहा देताना सांगितलं, "हे सारं एकट्या थोरल्याईसाठी हाये. त्याईले बोलाची ह्याईची हिंमत नाई, म्हून गावाले शाली वाटून राह्यले."

मग एका सत्काराला आम्ही सहकुटुंब गेलो होतो. अध्यक्ष उठले, पण शाल त्यांनी सत्कारमूर्तीला घातलीच नाही. ती मामांच्या हातात देऊन म्हणाले, "दरवेळी मीच अध्यक्ष काऊन, हे मले समजते. बिडी सोडली नाई अजून. पन तुयी रीतच हाये न, आंधी शाल. मंग आज मले घाल."

मामांनी शाल घातली. थोरले म्हणाले, "आता बोल. साऱ्या गावाचे गुन सांगतले तू."

कंडक्टरचेही गुण शोधणारे मामा थोरल्यांच्या खांद्यावरचं शालीचं टोक नीट करू लागले. म्हणाले, "दादा, मले तुमी पायजे." एवढंच बोलून ते खाली बसले. कोणी टाळी वाजवली नाही. माझी बायको रडत होती, आणि खरं सांगायचं तर मीही.

थोरल्यांची बिडी लगेच सुटली नाही. सुटायची, पुन्हा लागायची. मामा कोरड्या संध्याकाळींचं कौतुक करत राहिले. शेवटी ती सुटली आणि थोरले पुढे बरीच वर्षं राहिले. ते गेल्यावर सत्कार बंद झाले. लोक अजूनही विचारतात, म्हणून एकदा दुकानात मीच मामांना म्हटलं, पुन्हा सुरू करा.

"अध्यक्ष कोनाले करू?" मामा म्हणाले.

मी गादीवर थोरल्यांची जागा सोडून बसलो. मग वेळ झाली तेव्हा आम्ही दोघांनी मिळून दुकान बंद केलं.