ज्युपिटर मास्तरांची पाळी

"मालकाचं तोंड आपल्यासारखं काळं झालं म्हणून मालकी आपली होत नाही, ऑस्वल्ड!"

"आणि लंडनात पुस्तकं खाल्ली म्हणून चिखल कळत नाही, एनोक! तुझ्या पायाला तो कधी लागलाय तरी का?"

गयानात, आमच्या किनाऱ्यावर, घरं खांबांवर उभी असतात. वरची माणसं भांडतात, खालची ऐकतात. मी ज्युपिटरांच्या घराखाली सावलीत माशांचे खवले काढत बसले होते. फळ्यांच्या फटींतून दोघा भावांचं भांडण थेट माझ्या टोपलीत पडत होतं. गोऱ्यांचं राज्य जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

भांडण उघाडीवरून होतं. आमचं डोरोथिया गाव भरतीच्या पाण्याहून खाली. समुद्राच्या बांधात एक जाड लाकडी दार आहे, ती उघाडी. ओहोटीला ती वर उचलायची, म्हणजे चरांतलं पाणी बाहेर जातं. भरती यायच्या आत खाली सोडायची. चुकलात, तर समुद्र घरी जेवायला. गुलामी सुटल्यावर आमच्या खापरपणज्यांनी पैपै जमवून हे गाव घेतलं, तेव्हापासून उघाडी गावाची. दर सोमवारी घरागणिक एक माणूस चर उपसायला, आणि रोज आळीपाळीनं दोघं उघाडी ओढायला; यालाच आम्ही पाळी म्हणायचो. आता सरकार म्हणत होतं, उघाडी आम्हाला द्या, आम्ही पंप बसवतो. ऑस्वल्ड गावचा अध्यक्ष, त्याला पंप हवा. धाकटा एनोक शहरात कॉलेजात शिकवायचा, त्याला नको.

गावसभेत पंपासाठी हात वर झाले. माझाही झाला. खोटं कशाला बोलू? कंबर दुखत होती, आणि पंप म्हणजे मला कामाला आलेला घरजावई वाटला.

पुढच्या सोमवारी एनोक फावडं घेऊन चरात उतरला, लंडनचे बूट घालून. एक बूट चिखलानं ठेवून घेतला. अजून असेल तिथे.

मग त्यानं पेपरात लिहिलं की आपलं सरकार आपल्याच गावांच्या हातांतली सत्ता काढून घेतंय. कॉलेजनं त्याला घरी पाठवलं. तेव्हापासून तो गावात मास्तर झाला. पगार नाही, वर्ग मात्र दर गुरुवारी, आपल्या घराखाली, बाकांवर. पहिल्या वर्षी चाळीस माणसं येत. पोरी पोरांना बघायला, पोरं पोरींना बघायला, आणि मी फणसाच्या बिया सोलायला.

एकदा त्यानं विचारलं, "आयव्हरीनबाई, पाळीला जो येत नसे त्याला काय दंड होता?"

"दंड कसला? त्यानं त्या दिवशी सगळ्यांना जेवायला घालायचं. मोठं पातेलं, नारळाच्या दुधातला भात."

"दंड म्हणून जेवण? मारहाण नाही? हाकलून देणं नाही?"

"मास्तर, ज्यांनी चाबूक खाल्ला त्यांना पुन्हा चाबूक कशाला हवा? त्यांनी पातेलं ठेवलं. जेवायला घातलं की माणूस परत आपल्यात येतो."

मास्तरनं वही उघडली. ते लिहिलं आणि शेजारी माझं नाव घातलं. मी म्हटलं, "माझ्या दोनच इयत्ता झाल्यात हो." तो म्हणाला, "म्हणूनच."

एकोणीस वर्षांनी त्या वहीचं पुस्तक झालं. सांगणं एवढंच, की आमच्या लोकांनी स्वातंत्र्याचा विचार पुस्तकात नाही, चरात लिहिला. मालकाशिवाय राज्य कसं चालतं ते सोमवारी करून दाखवलं. आणि ते राज्य ज्यानं आयतं दुसऱ्याला दिलं, तो पुन्हा कुणाच्या तरी मालकीचा माणूस झाला. परदेशातून एक प्राध्यापिका आली, म्हणाली, आमच्याकडे हे वर्गात शिकवतात. मास्तरनं विचारलं, "तिथे चर कोण उपसतं?" बाई हसल्या. मास्तर हसला नाही.

गावात पुस्तकाची पेटी आली ती वाळवीनं आधी वाचली.

पंप मात्र सहाच वर्षं चालला होता. मग सुटा भाग येईना, मग माणसाचा पगार येईना. उघाडी पुन्हा नुसतं लाकडी दार, हातानं ओढायचं. मास्तर रोज ओहोटीला जाऊन ती एकटा उचलू लागला. साखळी दोघांनी ओढायची असते. तो ओढायचा, खुंटीला अडकवायचा, दम घ्यायचा, पुन्हा ओढायचा. त्याला एकच हवं होतं, साखळीचं दुसरं टोक धरणारा माणूस. घरोघर गेला. "एका घराचा एक हात, आठवड्यातून एकदा." लोक म्हणत, "सरकारचं काम आहे ते, मास्तर." ज्याला पाय होते तो अमेरिकेत, ब्रुकलिनला गेला. शेवटच्या गुरुवारी बाकावर आम्ही चार म्हाताऱ्या, त्यातली एक बहिरी.

मी म्हटलं, "मी येते साखळीला."

"आणि तुमची कंबर, बाई?"

"ती तेव्हाही दुखत होती."

गेलेही दोन दिवस. तिसऱ्या दिवशी अंथरूण धरलं.

ऑस्वल्ड मुलीकडे जायला निघाला तेव्हा बांधावर आला. ऐंशीचा, छातीशी पासपोर्ट. मी डबा द्यायला गेले होते. म्हणाला, "तू बरोबर होतास, एनोक."

मास्तरनं साखळी सोडली नाही. "मग धर की टोक."

ऑस्वल्डनं टोकाकडे पाहिलं. "गाडी उभी आहे रे," म्हणाला, आणि गेला.

ज्यानं पाळी चुकवली त्यानं जेवायला घालायचं, असा नियम. तेव्हा अख्ख्या गावानं मास्तरला जेवायला घालायला हवं होतं. मी एकटीच वाडगा पाठवायचे. आता मास्तर नाही, उघाडी बंद ती बंदच. पाणी माझ्या घराखाली गुडघाभर आहे, मास्तरच्या घराखाली बाक तरंगतात.

मास्तरच्या शेवटच्या दिवशी सोमवार होता. मास्तर एक वाजता फावडं खांद्यावर टाकून गेला. खुंटीला अडकवत, दम घेत, उघाडी वर केली. पाणी गेलं. तो बांधावर बसून माझा भात जेवला. भरती लागली तसं दार खाली सोडलं, साखळी गुंडाळली, आणि चारच्या सुमारास माझ्या पायरीवर आला. वाडगा धुऊन आणला होता, नेहमीसारखा.

"मीठ कमी होतं, बाई."

"मीठ समुद्रात कमी आहे का? घ्यायचं थोडं."

"उद्याची ओहोटी पाऊण तास उशिरा," तो म्हणाला, वाडगा पालथा ठेवला, आणि घराकडे गेला.