गिरगावातलं एकटं कोकम

कोकमाच्या झाडात बाई असते आणि बुवा असतो. हे मी सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्याकडे जरा निरखून बघतात, कारण मी लग्न न केलेली, पन्नाशीला टेकलेली वनस्पतिशास्त्राची प्राध्यापिका. पण आहे हे असंच. फळं मादी झाडाला लागतात आणि त्यासाठी जवळपास नर झाड लागतं. रोप लहान असताना बाई कोण, बुवा कोण ते कळत नाही. वर्षानुवर्षं पाणी घालायचं, फुलं आली की चेहरा पाडून घ्यायचा किंवा पेढे वाटायचे.

गिरगावात एका जुन्या घरामागे अशी एक मादी होती. एकटी. नर शोधायला मी उन्हाळेच्या उन्हाळे वाड्या, चर्चची आवारं, शाळांच्या भिंतींमागच्या जागा पालथ्या घातल्या. लोकांना वाटलं मी खोली शोधतेय. नर सापडला नाही. तरी बाईसाहेब दर वर्षी एप्रिलमध्ये लालबुंद फळांनी लगडलेल्या! कोकम ज्या गार्सिनिया प्रजातीतलं, तिच्यातलंच मंगुस्तान नराशिवाय बी धरतं. कोकमही तसं करत असेल का, या एका प्रश्नावर माझा उशिरा घेतलेला पीएचडीचा प्रबंध उभा होता.

आमच्या लालबागच्या चाळीत ही बातमी माझ्या आधी पोचली. शेजारच्या मालवणी काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "घोवाशिवाय पोरां? बाये, आमच्या गावात असता तर त्या झाडाक वाळीत टाकल्यानी असता."

"काकू, तिला कोणी विचारलं नाही म्हणून तिनं आपलं आपण केलं."

"मगे तू कित्या करणंस नाय?" म्हणत त्या हसत हसत आत गेल्या.

या वर्षी मी कळ्यांनाच कापडी पिशव्या बांधल्या, म्हणजे बाहेरून पराग येण्याचा प्रश्नच नको. पिशव्यांत फळं धरली, पण फळ धरलं म्हणून आतली बी जिवंत असेलच असं नाही. आता त्यातली एक जरी बी रुजली, तर उत्तर मिळालं. आणि हे याच वर्षी व्हायला हवं होतं, कारण घर विकलं गेलं होतं. तिथं टॉवर होणार होता आणि झाडाच्या जागी गाड्या उभ्या राहणार होत्या.

फळं उतरवून घरी आणली. खाटेखाली सावलीत टोपली, बाजूला दादरहून आणलेले वाळूचे ट्रे. फळं थोडी मऊ पडली की बिया काढून लगेच पेरायच्या. नेमकं तेव्हाच बाहेरगावी प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला जावं लागलं. किल्ली नेहमीप्रमाणे काकूंकडे दिली. आमच्या चाळीत किल्ली शेजारी देतात, तिजोरीची असली तरी.

परत आले तर खाटेखाली टोपली नाही.

"इलंस गो?" काकूंचा चेहरा उजळलेला. "तुझा सगळा काम करून ठेवलंय! फळां कुसत होती. सालां मिठात घातलंय, आमसुलां मस्त होतली. आणि बियो गच्चीर सुकत घातलंय. खडखडीत सुकल्यो. तेल काढूया, तुझ्या टाचांक लावूक."

कोकणातली कुठलीही बाई कोकमाचं हेच करते. साल मिठात, बी उन्हात. त्यांनी काही वाया जाऊ दिलं नव्हतं. फक्त कोकमाची बी गव्हासारखी झोपून राहत नाही; ओली आहे तोवर जिवंत, सुकली की मेली. मी गच्चीवर गेले. मे महिन्याच्या उन्हात माझ्या बिया साडीवर ओळीनं मांडलेल्या होत्या, किती सुबक. मूठभर उचलल्या तर खरंच खडखडल्या.

सरांना, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांना, फोन केला. बिया किती दिवस उन्हात होत्या ते त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "भिजत घाला. देवाचं नाव घ्या." शास्त्रज्ञ देवाचं नाव घ्या म्हणतो तेव्हा काय समजायचं ते मला समजलं. तरी टॅक्सी करून गिरगाव गाठलं. एखादं फळ, एखादी डहाळी तरी मिळेल. पत्र्याच्या कुंपणाच्या फटीतून डोळा लावला. घर नव्हतं, झाड नव्हतं, एक खड्डा होता आणि त्यात पिवळं यंत्र आरामात माती खात होतं.

बिया भिजवल्या, पेरल्या. काकूंना काही सांगितलं नाही. त्या रोज सकाळी माझ्याआधी गॅलरीतल्या ट्रेवर पाणी शिंपडायच्या आणि ओणवून बघायच्या. "नाय अजून," असं मलाच धीर दिल्यासारखं सांगायच्या. मी एक बी उकरून कापली, आत तपकिरी. दुसरी, तपकिरी. पुढे पुढे मी ब्लेड हातात घ्यायचंच सोडलं.

सर म्हणाले, "बिया रुजल्या नाहीत, असं लिहून मोकळ्या व्हा. खोटं कुठं आहे?"

खोटं नव्हतं. पण वाचणारा म्हणणार, बघा, नराशिवाय नाही जमलं तिला. त्या झाडावर मेल्यानंतर असा आळ घ्यायचा?

जूनमध्ये एका सकाळी काकूंनी गॅलरी दणाणून सोडली. "इलो! कोंब इलो!" चाळ जमली. कोणी माझ्या तोंडात साखर कोंबली. मी खाली वाकले. दोन पातळ, टोकदार, हिरवी पानं. मेमध्ये गच्चीवर सगळ्या चाळीच्या मसाल्याच्या मिरच्या वाळल्या होत्या, त्यातलं बी वाऱ्यानं कुठेही पडतं.

लोक पांगेपर्यंत मी हसत राहिले, टाळ्याही घेतल्या. मग म्हणाले, "काकू, मिरची आहे ही."

"आणि तुझ्यो बियो?"

सांगितलं. ऊन, बी, सगळं. काकू उंबऱ्यावर बसल्या. "म्हणजे मियाच मारलंय त्यांका."

मला एरवी प्रेतयात्रेतही विनोद सुचतो. तेव्हा मी त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर टेकले.

त्यांनी विचारलं, "आता तुझ्या पुस्तकात काय लिवतलंस?"

"ते प्रकरणच काढावं लागेल. प्रबंधात मग फारसं काही उरत नाही."

"कित्या काढतंस? खरा तां लिव. शेजारणीन सुकवल्यान म्हणान लिव."

काकू रात्रीपर्यंत थांबल्या नाहीत. मला तिथंच कॉम्प्युटर उघडायला लावला. मी लिहिलं आणि वाचून दाखवलं: पेरणीपूर्वी बिया उन्हात वाळल्याने या झाडाविषयी कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.

काकूंनी कान देऊन ऐकलं. "आणि शेजारीण खंय आसा हेच्यात?"

"असं लिहीत नाहीत काकू."

"मगे उन्हान आपणच सुकवल्यान?" त्या भडकल्या. "घाल माका."

मी त्यांना घातलं. सरांनी खोडलं. मी पुन्हा घातलं. प्रबंध अजून तिथेच अडला आहे.